अनोळखी नायिकेची लघुमालिका कशी जोखावी? ‘मिस मार्वल’ समोर ठेवून एक उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकमधल्या एका कॉलेजच्या चित्रपट मंडळाने ‘मिस मार्वल’ ही सहा भागांची लघुमालिका एकत्र बसून पाहिली. शेवटी गुण मागितले तर कुणी १० पैकी ९ दिले, कुणी ४. ज्यांना सुपरहिरोंचे सगळे सिनेमे पाठ आहेत त्यांची तक्रार, की कॉमिक्समधली शक्ती बदलून टाकली. ज्यांनी त्यातलं काहीच पाहिलेलं नाही ते म्हणाले, पहिला भाग फार आवडला, तिसऱ्यानंतर डोक्यावरून गेलं. फारशा कुणाला माहीत नसलेल्या नायकाची ओळख करून देणारी मालिका नक्की कशावर तपासायची आणि गुण कसे द्यायचे?

९ आणि ४ मधलं हे अंतर आवडीनिवडीमुळे कमी आणि मोजमापामुळे जास्त पडलंय. दोन गटांनी दोन वेगळ्या गोष्टी मोजल्या. पहिल्या गटाने मालिका मुळाबरहुकूम आहे का ते पाहिलं, दुसऱ्याने ती समजते का ते पाहिलं. खरी कसोटी या दोन्हींत नाही. अनोळखी नायकाच्या मालिकेत पाहायचं ते हे, की हा माणूस आपला वाटेपर्यंत मालिकेने किती वेळ दिला, तो वेळ कशावर घालवला, आणि नंतर आलेली शक्ती त्या माणसातूनच उगवली का बाहेरून चिकटवली.

ओळखीच्या नायकाला ही कसोटी लागतच नाही. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला, तेव्हा हरिश्चंद्र कोण हे समोर बसलेल्या प्रत्येकाला घरूनच माहीत होतं. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये तर राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या आणि तो चित्रपट तुफान चालला. पंचवटीत वाढलेल्या पोराला राम कोण हे पडद्याने सांगावं लागत नाही. सुपरहिरोंच्या जगात स्पायडरमॅनचं तसंच आहे. तो १९६२ पासून लोकांच्या डोळ्यांपुढे आहे, त्यामुळे कोळी चावला हे पुन्हा दाखवलं नाही तरी चालतं. ‘मिस मार्वल’ची नायिका कमला खान मात्र कॉमिक्समध्ये पहिल्यांदा दिसली ती २०१३ साली, आणि तिचा स्वतःचा अंक निघाला २०१४ मध्ये. लेखिका जी. विलो विल्सन, चित्रकार एड्रियन अल्फोना, संपादिका सना अमानत. पहिल्या संकलित खंडाला विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा २०१५ चा ह्यूगो पुरस्कार मिळाला, म्हणजे जाणकारांत नाव होतं. पण २०२२ च्या जूनमध्ये मालिका आली तेव्हा घरात टीव्हीसमोर बसलेल्या बहुतेकांसाठी ही मुलगी कोरी पाटी होती.

आधी पाहायचं कसं ते सांगतो, कारण निम्मी परीक्षणं इथेच बिघडतात. मालिका दोनदा पाहावी लागते. पहिल्यांदा न थांबवता, वही न घेता. दुसऱ्यांदा घड्याळ आणि वही घेऊन. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये मोबाइलवर पाहिलेला भाग करमणुकीला ठीक, परीक्षणाला नाही. अंधारातले प्रसंग लहान पडद्यावर आणि कमी वेगाच्या इंटरनेटवर काळ्या डागांसारखे दिसतात आणि मग दोष छायाचित्रकाराच्या माथी बसतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘मोशन स्मूदिंग’ नावाची सोय असते, वेगवेगळ्या कंपन्या तिला वेगवेगळं नाव देतात, ती बंद करा. ती चालू असली की सेकंदाला २४ चौकटींनी चित्रित केलेलं दृश्य दुपारच्या कौटुंबिक मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं, आणि संगणकावर केलेली दृश्यं तर हमखास खोटी वाटतात.

दुसऱ्या वेळची वही अशी आखा. चार रकाने: वेळ, प्रसंगात कोण, त्या प्रसंगात नायिकेला काय हवं होतं, प्रसंग संपताना काय बदललं. एका भागात साधारण १५ ते २० नोंदी होतात. चौथा रकाना रिकामा राहिला तर तो प्रसंग पोकळ, त्यावर फुली मारा. नवखे लोक इथे एक चूक हमखास करतात, चौथ्या रकान्यात गोष्ट लिहून ठेवतात. ‘कमला आणि तिचा मित्र ब्रूनो शाळेत जातात’ ही गोष्ट झाली, बदल नव्हे. ‘आईबाप परवानगी देणार नाहीत हे तिला कळतं, ती चोरून जायचं ठरवते’ हा बदल. आणि वेळ मोजताना शेवटची श्रेयनामावली वजा करा. या मालिकांत डबिंगच्या कलाकारांची नावंही येत असल्याने ती बरीच मिनिटं चालते. ती धरली तर भाग उगाच लांबलचक वाटतो आणि ‘भरकटला’ असा शेरा पडतो.

आता पहिला भाग. अनोळखी नायकाच्या मालिकेचं अर्धं भवितव्य इथे ठरतं. भाग संपल्यावर, चहा येण्याआधी आणि आपापसात बोलणं सुरू होण्याआधी, प्रत्येकाने वेगळ्या चिठ्ठीवर पाच उत्तरं लिहावीत. हिचं नाव काय? हिला काय हवंय? ही कशाला घाबरते? हिच्या हातून काय चुकलं? आणि हिची शक्ती काय करते? गटात एक तरी माणूस असा हवा ज्याने मार्वलच्या जगातला एकही सिनेमा पाहिलेला नाही. त्याची चिठ्ठी सर्वांत मोलाची. पाचपैकी चार उत्तरं सगळ्यांची सारखी आली तर ओळख नीट झाली. पाचवं, शक्तीचं उत्तर पहिल्या भागात धूसर असलं तरी चालतं, आणि चौथं चुकलं तर अजिबात चालत नाही.

चौथा प्रश्न एवढा महत्त्वाचा का, ते एका प्रसंगातून दाखवतो. सोळा वर्षांच्या कमलाला ॲव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या चमूच्या चाहत्यांच्या मेळ्याला जायचंय. अमेरिकेतल्या जर्सी सिटीतलं पाकिस्तानी कुटुंब, आई मुनीबा नाही म्हणते. मग आईबाप एक तोड काढतात: बापासोबत जा. बाप युसूफ हल्क हा हिरवा सुपरहिरो बनून येतो, चेहऱ्याला हिरवा रंग, अंगात हिरवा सलवार-कमीज, आणि लेकीसाठीही तसलाच जोड तयार. तो खोलीत शिरतो तेव्हा त्याचा आनंद ओसंडत असतो. कमलाला हा सगळा प्रकार अपमानास्पद वाटतो आणि ती ते तोंडावर बोलून दाखवते. मोहन कपूर यांनी इथे जे केलंय ते वही बाजूला ठेवून दोनदा पाहा. रंगवलेल्या हिरव्या चेहऱ्यावरचं हसू उतरतं, आणि तो रंग तसाच राहतो. कुणी मेलं नाही, शहर कोसळलं नाही. घरातल्या घरात एका मुलीने बापाला दुखावलं, एवढंच. पण आता प्रेक्षकाला ठाऊक आहे की या मुलीवर एक कर्ज आहे. पुढे ती उडो, लढो, हे कर्ज फिटतं का याची वाट आपण बघत राहतो. शक्ती पहिल्या भागाच्या अगदी शेवटी येते यावरून काहींनी गुण कापले असतील, त्यांनी ते परत द्यावेत. ती आधी आली असती तर कमला ही नुसती जांभळा प्रकाश फेकणारी मुलगी झाली असती.

हे कर्ज सहाव्या भागात फिटतं आणि तेही त्याच चलनात. पहिल्या भागात आईबापांनी पुढे केलेला पोशाख ती झिडकारते, सहाव्या भागात आईने हातात ठेवलेला पोशाख ती अंगात घालते. मधल्या काळात तो पोशाख तुकड्यातुकड्यांनी गोळा झालेला असतो: डोळ्यांवरचा मुखवटा मित्र ब्रूनोकडून, जाकीट कराचीतल्या वलीदकडून, ओढणीसारखं लाल वस्त्र करीमकडून, आणि छातीवरच्या विजेच्या खुणेचा आकार तुटलेल्या गळ्यातल्या साखळीवरून. नावही बापच देतो, ‘कमाल’ या शब्दाचा उर्दूतला अर्थ सांगून. पोशाख हा सुपरहिरोच्या मालिकेत बहुतेक वेळा कुणी शास्त्रज्ञ किंवा श्रीमंत गुरू देतो. तुमच्या वहीत एक पान पोशाखासाठी ठेवा आणि प्रत्येक भाग कुठून आला ते लिहा. इथे एकही भाग दुकानातून आलेला नाही. लेखन किती विचारपूर्वक झालंय हे जोखायला याहून सोपी खूण नाही.

शक्तीच्या नियमांकडे वळलं की मात्र गुण उतरू लागतात. कुठल्याही नव्या नायकाबाबत चार गोष्टी स्पष्ट हव्यात: शक्ती काय करते, काय करू शकत नाही, वापरली की काय मोजावं लागतं, आणि ती आली कुठून. कॉमिक्समधली कमला स्वतःचं शरीर ताणते, मुठी मोठ्या करते, आकार बदलते. वयात येणाऱ्या मुलीच्या, स्वतःच्या शरीरावरून अवघडलेल्या मुलीच्या गोष्टीला ते फार चपखल होतं. मालिकेत त्याऐवजी जांभळ्या रंगाचा घट्ट प्रकाश आहे, आजीने कराचीहून पाठवलेल्या बांगडीतून जागा होणारा. मूळ वाचकांना हा बदल खटकला, ते मी समजू शकतो. बदलाने काही गेलं हे खरंच आहे, कारण शरीराची लाज हा धागा सुटला. पण काही मिळालंही. शक्ती आता वारशातून येते, पणजी आयेशा, आजी सना, आई मुनीबा अशी बायकांची साखळी तयार होते. म्हणून ‘बदलली’ एवढ्यासाठी गुण कापू नका. बदलल्यानंतर नियम सांभाळले का, ते बघा.

आणि इथे मालिका घसरते. दुसऱ्या भागात ईदच्या दिवशी मशिदीच्या मनोऱ्यावर लटकलेल्या मुलाला वाचवताना ती प्रकाशाच्या पायऱ्या तयार करते, मध्येच डोळ्यांपुढे एक दृश्य तरळतं, ताबा सुटतो आणि मुलगा निसटतो. इथपर्यंत उत्तम: शक्तीला मर्यादा आहे, किंमत आहे. तिसऱ्या भागात कळतं की ही जिन्नांची वंशज, ‘नूर’ नावाच्या दुसऱ्या मितीशी जोडलेली. चौथ्यात दोन जगांमधला पडदा आणि तो फाटला तर काय होईल याचं स्पष्टीकरण. सहाव्याच्या अखेरीस ब्रूनो सांगतो की तिच्या जनुकांत काही वेगळंच आहे, म्हणजे म्युटेशन. बांगडी धरली तर शक्तीच्या उगमाचे चार खुलासे. प्रत्येक नवा खुलासा आधीच्याला पातळ करतो. ‘तिसऱ्यानंतर डोक्यावरून गेलं’ म्हणणारे सदस्य बरोबर आहेत, दोष त्यांच्या आकलनात नाही. तिसऱ्या भागाच्या वहीत बघा: त्या दुसऱ्या मितीतून आलेली नजमा, म्हणजे मालिकेतली खलनायिका, आणि तिची मंडळी जिथे माहिती देत बसतात तिथे तिसरा रकाना, ‘नायिकेला काय हवं होतं’, भरताच येत नाही. ती फक्त ऐकत असते.

खलनायकाला एकच प्रश्न विचारा. याला काढून टाकलं तर नायिकेचा कुठला निर्णय बदलतो? क्लॅन्डेस्टाइन म्हणवणारी नजमाची टोळी तिसऱ्याच भागात मायेने जवळ येते आणि त्याच भागात भावाच्या लग्नात धुडगूस घालते. मधलं कारण फक्त उतावीळपणा. कमलाने नाही म्हटलेलं नाही, थोडा वेळ मागितलाय. पुढे पाचव्या भागात नजमाचं मन एका क्षणात पालटतं आणि ती स्वतः पडद्यात जाऊन तो बंद करते. वर्षानुवर्षं घरी परतण्याची आस धरलेल्या बाईचं मन पालटायला जेवढं लागतं तेवढं तिला दिलेलंच नाही. निम्रा बुचा चांगल्या अभिनेत्री आहेत, तिथे उणीव नाही, पण लेखनाने त्यांच्या हातात काही ठेवलं नाही. दुसरा विरोधक म्हणजे डॅमेज कंट्रोल हे सरकारी खातं. मशिदीत शिरणारे एजंट, वस्तीवर ठेवलेली पाळत, हा धोका खरा वाटतो कारण तो कमलाच्या शेजारीपाजारी राहणाऱ्या माणसांना भिडतो. मालिकेने सगळं वजन या एका विरोधकावर टाकलं असतं तर नजमाच्या टोळीवाचून काही अडलं नसतं.

फाळणीवर जरा थांबतो, कारण मराठी प्रेक्षकाने इथे परक्या समीक्षकापेक्षा जास्त कडक असायला हवं. चौथा आणि पाचवा भाग शर्मीन ओबेद-चिनॉय यांनी दिग्दर्शित केलेत, माहितीपटांसाठी दोनदा ऑस्कर मिळवलेल्या दिग्दर्शिका. चौथ्याच्या शेवटी कमला १९४७ च्या रेल्वे फलाटावर येऊन पडते, गाडीवर चढून बघते तर चहूकडे माणसंच माणसं. रॅडक्लिफ रेषा, म्हणजे भारत-पाकिस्तानची सीमा, जाहीर झाली १७ ऑगस्टला, स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. एक कोटीहून जास्त माणसं घरादाराला मुकली. ही गोष्ट नाशिकपासून लांबची नाही, देवळालीला सिंधी निर्वासितांची छावणी होती. आणि कराची मराठी माणसाला परकी नव्हती, तिथली नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा आजही उभी आहे. तेव्हा तपासायचं हे: मालिकेने फाळणीचा पडदा म्हणून वापर केला, की कारण म्हणून? पडदा म्हणजे मागे गर्दी, आगगाडी, रडणारी मुलं, पुढे आपली हाणामारी. कारण म्हणजे तो प्रसंग घडला नसता तर आजची नायिका अशी नसती.

‘मिस मार्वल’ इथे उत्तीर्ण होते, चांगल्या गुणांनी. दुसऱ्याच भागात घरच्या गप्पांत एक दंतकथा येते: फाळणीच्या रात्री चुकलेली छोटी सना चांदण्यांच्या वाटेने बापापर्यंत पोचली. सगळे ती कौतुकाने सांगतात, कुणी खोलात जात नाही. पाचव्या भागात कळतं की त्या चांदण्या कमलानेच मांडल्या होत्या. नातीने आजीला गाडीपर्यंत पोचवलं, म्हणून आजी जगली, म्हणून नात झाली. घराघरांतल्या फाळणीच्या आठवणींत अशी एखादी न उलगडलेली गोष्ट असतेच, ती मालिकेने शक्तीशी नेमकी जोडली. उणीव आहे ती वेळेची. आयेशा आणि हसन यांचं प्रेम, संसार, मूल, वादळ, हे सगळं पाचव्या भागाच्या पूर्वार्धात उरकलंय. फवाद खान आणि मेहविश हयात यांना अजून दहा मिनिटं मिळाली असती तर फलाटावरचा तो निरोप काळजात रुतला असता.

स्थळ खरं की खोटं यावर वेळ घालवू नका. मालिकेतली कराची थायलंडमध्ये चित्रित झाली, जशी मार्वलच्याच ‘मून नाइट’ या मालिकेतली कैरो बुडापेस्टमध्ये उभी केली होती. बघायचं ते पाट्यांवरची लिपी, रिक्षाची बांधणी, घरात चपला कुठे काढतात, ताटात काय वाढतात, मोठ्यांशी बोलताना आवाज कसा खाली येतो. या बाबतीत घरातले प्रसंग फार काळजीपूर्वक केलेत. मशिदीत कमलाची मैत्रीण नाकिया हिचे बूट चोरीला जातात, बायकांच्या बाजूची पडझड तशीच ठेवलेली असते, आणि ती चिडून मंडळाच्या निवडणुकीला उभी राहते, हे बाहेरून बघणाऱ्याला सुचणारं नाही.

याच कारणाने मालिका मूळ भाषेत, सबटायटल लावून पाहा. हिंदी डबिंग ऐकायला सोपं, पण कमला शाळेत इंग्रजी बोलते आणि घरात इंग्रजीत उर्दू मिसळते, तो उंबरठा डबिंगमध्ये पुसला जातो. सगळेच हिंदी बोलू लागले की आई ‘बेटा’ म्हणते तेव्हा घर कुठे सुरू झालं ते कानाला कळत नाही. मंडळात डब केलेली आवृत्ती दाखवली असेल तर भाषा आणि घर या सदरातले गुण त्यावरून देऊ नका.

रचनेबाबत एक गोष्ट श्रेयनामावलीतच सापडते, ती फारसं कुणी बघत नाही. पहिला आणि सहावा भाग आदिल एल अरबी व बिलाल फलाह या जोडीचा, दुसरा-तिसरा मीरा मेनन यांचा, चौथा-पाचवा ओबेद-चिनॉय यांचा. पहिल्या भागात कमलाच्या मनातली चित्रं भिंतींवर उमटतात, मोबाइलवरचे संदेश दुकानांच्या दिव्यांत आणि रस्त्याच्या खुणांत दिसतात. ही गंमत पुढे ओसरत जाते. ‘मालिकेचा सूर हरवला’ असं ज्यांना वाटलं त्यांनी नेमकं हेच टिपलं, फक्त नाव देता आलं नाही. हा दोष धरायचा, पण कुठल्या भागापासून ते लिहून धरायचा.

संगणकीय दृश्यं तपासायला तज्ज्ञ असावं लागत नाही. चित्र थांबवा आणि स्पर्शाची जागा बघा. कमलाचा बूट प्रकाशाच्या पायरीवर टेकतो तेव्हा तळवा दाबला जातो का, का पाऊल हवेत तरंगतं? जांभळा प्रकाश तिच्या गालावर, बाहीवर, शेजारच्या भिंतीवर पडतो का? तो पडत असेल तर चित्रीकरणाच्या वेळीच दिव्यांचा विचार झालाय, आणि नंतरचं काम त्यावर नीट बसतं. पडत नसेल तर वस्तू वरून चिकटवल्यासारखी दिसते, मग त्यावर कितीही खर्च होवो. प्रत्येक भागातून असे तीन क्षण निवडा, पुरे.

शेवटच्या श्रेयांमधला जोडप्रसंग, ज्यात पुढच्या सिनेमाची चाहूल असते, त्याला शून्य गुण. चांगला असला तरी शून्य, वाईट असला तरी शून्य. ‘मिस मार्वल’च्या शेवटी कमलाच्या जागी अचानक तिची लाडकी सुपरहिरो कॅप्टन मार्वल उभी राहते. तो धागा २०२३ च्या नोव्हेंबरमधल्या ‘द मार्वल्स’चा आहे, या मालिकेचा नाही. ज्यांनी ९ दिले त्यांच्यातल्या काहींचा एक गुण तिथून आला असणार.

तुलनेसाठी दुसऱ्या मालिका घ्यायच्या तर प्रत्येकीची अडचण वेगळी आहे, हे ध्यानात ठेवा. ‘मून नाइट’चा नायक १९७५ पासून कॉमिक्समध्ये आहे, पण घराघरांत नव्हता. तिथे ओळख मुद्दाम लपवून करून दिलीय. नायक स्टीव्हनची शुद्ध हरपते, दृश्य तुटतं, डोळे उघडतो तर भोवती माणसं आडवी पडलेली. हाणामारी आपल्याला दिसतच नाही. नायकाला स्वतःबद्दल जेवढं कळतं तेवढंच प्रेक्षकाला, हा नेम पहिल्या भागात चोख पाळलाय. त्या मालिकेबद्दल लिहिताना एक चूक टाळा: त्याला आहे तो बहुव्यक्तिमत्त्वाचा विकार, स्किझोफ्रेनिया नव्हे, दोन्ही आजार वेगळे. ‘इको’ पाच भागांची, सगळे भाग एकदम आलेले, त्यामुळे दर आठवड्याला थांबून केलेली परीक्षणं तिला लागू नाहीत. नायिका कर्णबधिर आहे, म्हणून आवाज कुठे काढून घेतलाय आणि तेव्हा आपण कुणाच्या कानाने ऐकतोय, यासाठी एक वेगळा रकाना ठेवा. ‘हॉकआय’मध्ये केट बिशपची ओळख जुन्या नायकाच्या सोबतीने होते. तिथे सरळ मोजा, मोठे निर्णय केटने किती घेतले आणि त्याने तिच्यासाठी किती घेतले. सोबतीचा नायक जितका लाडका तितकी नवी माणसं झाकोळतात.

आता गुण. १० पैकी देण्यात सगळं एकत्र मिसळतं, म्हणून १०० चे सहा वाटे करा. नायिकेची घडण ३०, शक्तीचे नियम १५, घर-भाषा-काळ १५, खलनायक १५, भागांची रचना १५, दृश्य आणि ध्वनी १०. घडणीला सर्वांत जास्त, कारण अनोळखी नायकाच्या मालिकेचं पहिलं काम तेच. या हिशेबाने ‘मिस मार्वल’ला माझे गुण अनुक्रमे २६, ८, १४, ४, ८ आणि ८, एकूण ६८. खलनायकाला ४ कमी वाटतील, पण नजमाला काढून बघा, फलाटावरचा प्रसंग जवळजवळ तसाच उभा राहतो. इमान वेलानी या मुलीचं हे पहिलंच काम, आणि २६ मधले बरेचसे तिच्या खात्यात जातात: लाज वाटणं, उत्साहात शब्द अडखळणं, खोटं बोलताना नजर चुकवणं, हे ती करते तसं फार अनुभवी माणसांना जमत नाही.

तुमच्या मंडळात ९ आणि ४ देणाऱ्यांनी आधी हे सहा वाटे वेगवेगळे भरावेत, बेरीज नंतर. घडणीच्या सदरात दोन्ही गट २० च्या वर जातील आणि खलनायकाच्या सदरात दोन्ही खाली येतील असा माझा अंदाज आहे. खरा वाद शक्तीच्या सदरावर व्हायचा, आणि तो घालण्यासारखा आहे, फक्त वाद घालताना वही उघडी ठेवा आणि मिनिटं सांगून बोला.

पहिल्या भागानंतर लिहून घेतलेल्या त्या चिठ्ठ्या फेकू नका. सहावा भाग झाला की त्याच पाच प्रश्नांची उत्तरं पुन्हा लिहून घ्या आणि दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवा. ‘ही कशाला घाबरते’ या प्रश्नाचं उत्तर बदललेलं दिसलं आणि सगळ्यांच्या चिठ्ठ्यांवर एकाच दिशेने बदललेलं दिसलं, तर घडणीच्या सदरात २४ च्या खाली उतरू नका.